अंगावर खूण नाही

माझ्या हनुवटीवर खेचराच्या लाथेचा व्रण आहे आणि उजव्या हाताची करंगळी अर्धीच आहे. कचेरीतल्या नोंदवहीत हे दोन्ही लिहिलेलं आहे, त्यामुळे मी गुलाम नसल्याच्या माझ्या दाखल्यावरही आहे: डेल्फिया टॅन, रंगाने काळी, जन्मापासून मुक्त, हनुवटीवर व्रण, करंगळी अर्धी. उद्या कुणी मला धरून 'ही माझी पळालेली गुलाम' म्हणायचं ठरवलं, तर त्याला आधी अशी हनुवटी शोधून आणावी लागेल. म्हणून त्या खेचराला मी कधी शिव्या देत नाही. मेलं बिचारं.

आमच्या नदीकाठी राहणारी आम्ही सगळी मुक्त काळी माणसं याच हिशेबाने चालतो. रविवारी प्रार्थना संपली की बायका झाडाखाली बसून दाखल्यातली आपापली ओळ म्हणून दाखवतात. वाचता एकीलाही येत नाही, पण स्वतःची ओळ प्रत्येकीला तोंडपाठ. कुणाच्या भुवईवर देवीचा वण, कुणाच्या खांद्यावर कोयत्याचा घाव. लेकराला चुलीचा चटका बसला तर आई फुंकर घालते आणि म्हणते, "असू दे बाळा, घरी आणणारी खूण झाली."

फक्त माझी धाकटी बहीण केझाया या बाबतीत आडमुठी. ती गावातल्या गोऱ्या लोकांचे कपडे धुते आणि इस्त्री करते. तिच्या स्वतःच्या डाव्या मनगटावर इस्त्रीच्या टोकाचा डाग आहे आणि तो तिच्या दाखल्यावर आहे. पण तिची एकुलती एक लेक पार्थेना, आमची थेनी, तिला तिने तळहातावरच्या फोडासारखं जपलं. चुलीजवळ जाऊ दिलं नाही, इस्त्रीला हात लावू दिला नाही, सुईदोरा हाती देऊन खिडकीत बसवलं. बाहेरसुद्धा फार पाठवायची नाही.

"केझे, लोण्याचा गोळा नाही तो, पोरगी आहे," मी म्हणायची. "उन्हात ठेवलीस तर वितळणार नाही."

"तू तुझी हनुवटी सांभाळ," ती म्हणायची. "माझ्या पोरीच्या अंगावर त्या कारकुनाला लिहायला काही मिळणार नाही."

आणि नाहीच मिळालं. थेनी बारा वर्षांची झाली तेव्हा पहिल्यांदा तिची नोंद झाली. कारकुनाने तिच्या बाह्या वर केल्या, तिला पाठमोरी उभी केली, कानामागे बघितलं. शेवटी लिहिलं, 'अंगावर खूण नाही.' मुलीची आई मुक्त आहे, म्हणजे मुलगीही जन्मापासून मुक्त, असं गिरणीवाल्या मिस्टर हॅथवेंनी शपथेवर सांगितलं. असं सांगायला गोरा माणूसच लागतो. कचेरीतून बाहेर पडताना केझायाची मान अशी ताठ होती, जसा काही तिला कुणी मळा बक्षीस दिलाय. मी गप्प बसले. माझ्या स्वभावाला ते जड गेलं, पण बसले.

दाखला दर तीन वर्षांनी नवा करायचा असतो. तो करायचं वर्ष आलं आणि त्याच शरद ऋतूत ही गोष्ट घडली. थेनीने शिवलेले शर्ट नदीपलीकडे पोचवायचे होते. केझायाला ताप होता, म्हणून नाइलाजाने पोरीला एकटीला पाठवलं. दाखला मात्र घरी डब्यातच ठेवला. शर्टांच्या गठ्ठ्यात चुरगळेल, नावेत भिजेल, आणि नावाडी ओळखीचा आहे, असं केझायाचं म्हणणं. जाताना नावाडी ओळखीचाच होता. येताना पलीकडच्या काठावर गस्तवाले उभे होते. दक्षिणेकडे गुलामांनी बंड केल्यापासून त्यांना कुठल्याही काळ्या माणसात बंडखोर दिसतो. त्यांनी दाखला मागितला. तो डब्यात होता. त्यांनी थेनीला पलीकडच्या जिल्ह्याच्या तुरुंगात टाकलं.

ही बातमी नावाड्यानेच आणली आणि सोबत आणखी एक. स्परलॉक नावाचा कुणी माणूस तुरुंगात येऊन पोरीला बघून गेला होता. ती आपली पळालेली गुलाम आहे, असं तो म्हणत होता. मॅजिस्ट्रेट आजच निकाल देणार होता. स्परलॉकला मुलगी मिळाली, की तो तिला दक्षिणेत नेऊन विकणार, हे नावाड्याला वेगळं सांगावं लागलं नाही. दक्षिणेत गेलेलं माणूस आमच्यात परत येत नाही.

केझाया तापातच उठली, डब्यातला दाखला शालीआड घेतला आणि हॅथवेंच्या गिरणीकडे चालू लागली. मी तिच्या मागे.

हॅथवे वाईट माणूस नाही. भांडण दिसलं की त्याला दुसऱ्या रस्त्याने जायची सवय आहे, एवढंच. पण त्याच्या अंगावरचा प्रत्येक शर्ट केझायाच्या हातचा. नाही म्हणता येईना, म्हणून त्याने गाडी जुंपली. वाटभर मात्र खेचराला सावकाश चालवत होता. सॉलोमन हे त्या खेचराचं नाव. गोऱ्या माणसाला 'घाई करा' असं म्हणायची आमच्यात पद्धत नाही. म्हणून मी मागून खेचराशी बोलायला लागले.

"सॉलोमन, बाबा, तुझं बरोबर आहे. तुझं कुणी तुरुंगात नाही. तू आपला फुलं बघत चल."

"मी ऐकतोय, डेल्फी," हॅथवे पुढून म्हणाला.

"तुम्हाला कोण काय म्हणतंय, साहेब? मी खेचराशी बोलतेय."

त्याने लगाम झटकला आणि सॉलोमन जरा पळायला लागला. लेकी बोले सुने लागे, हा आमचा जुना धंदा. गोऱ्या माणसाविरुद्ध काळ्या माणसाची साक्ष कुठल्याच कचेरीत चालत नाही. पण आमचं बोलणं त्यांच्या कानावर पडायला कायद्याची आडकाठी नाही.

गाडी काठावर सोडून आम्ही नावेने पलीकडे गेलो. तुरुंगाच्या दारावर हाताने लिहिलेला एक कागद खिळ्याने ठोकला होता. हॅथवे थांबला आणि त्याने तो आम्हाला वाचून दाखवला. "तुरुंगात जमा, काळी मुलगी, वय सुमारे पंधरा, नाव पार्थेना सांगते, मुक्त असल्याचं सांगते. अंगावर खूण नाही. मालकाने यावं, ओळख पटवावी, खर्च भरून घेऊन जावं."

"दाखल्यावर आहे तसंच आहे," केझाया म्हणाली. "शब्द न् शब्द तोच." त्या दिवसात पहिल्यांदाच तिने नीट श्वास घेतला. मलाही वाटलं, सुटलो.

आत मॅजिस्ट्रेट टेबलाशी बसला होता. पिकलेल्या केसांचा, सर्दी झालेला, रुमाल नाकाशी धरलेला. बाजूला तुरुंगवाला किल्ल्या घेऊन उभा. आणि खुर्चीत आरामात बसलेला तो स्परलॉक. चांगले कपडे, गोड आवाज. मला असल्या आवाजाची भीती वाटते. ओरडणाऱ्या माणसाला निदान काय हवंय ते कळतं.

हॅथवेने दाखला पुढे केला. मॅजिस्ट्रेटने तो वाचला, परत वाचला, आणि स्परलॉककडे बघितलं. "यात लिहिलंय, अंगावर खूण नाही. तुमच्या पळालेल्या मुलीचं काय?"

"माझ्या लेटीच्या डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग आहे, साहेब," स्परलॉक म्हणाला. "लहान असताना चुलीत हात गेला होता. त्यावरून तर मी ओळखली."

मला हसू आलं. म्हटलं, आता हा फसला. मग तुरुंगवाल्याने थेनीला आणलं. तिच्या डाव्या मनगटावर चिंधी गुंडाळलेली होती.

केझायाने माझा दंड धरला. तिची नखं रुतली. थेनी आईला बघून रडली नाही. तिने तो चिंधी बांधलेला हात वर केला आणि आईला दाखवला, शाळेतल्या पोराने पाटी दाखवावी तसा. चेहऱ्यावर काहीतरी आशा होती. मला त्याचा अर्थच लागेना.

"आई, बघ ना, मी..."

"गप्प," तुरुंगवाला म्हणाला, आणि खाली फरशीकडे बघत राहिला. तेव्हा मला कळलं, स्परलॉकला मनगटाचं कुणी सांगितलं ते. पण कळून उपयोग काय?

मॅजिस्ट्रेटने दाखला टेबलावर ठेवला. "मिस्टर हॅथवे, दाखल्यातल्या मुलीला खूण नाही. या मुलीला आहे. ही तीच, असं तुम्ही शपथेवर सांगता?"

हॅथवेने टोपी या हातातून त्या हातात घेतली. "मला वाटतं तीच आहे."

"तिला शेवटची कधी बघितलीत?"

"नोंद झाली तेव्हा. तिची आई तिला बाहेर फारशी पाठवत नाही."

"म्हणजे तीन वर्षांपूर्वी. तेव्हा ती लहान होती. वाटतं म्हणून मी एका माणसाची मालमत्ता सोडून देऊ?"

मी हॅथवेच्या जागी असते तर खोटी शपथ घेतली असती आणि नरकात आनंदाने गेले असते. पण शपथ त्याची चालते, माझी नाही. इकडे केझाया पुटपुटत होती, "माझी आहे, माझी आहे," आणि ते टेबलापर्यंतही पोचत नव्हतं. मॅजिस्ट्रेटने दौतीत टाक बुडवला. त्याने सही केली की संपलं, हे आम्हा दोघींना दिसत होतं.

मग मी बहिणीकडे तोंड केलं आणि घरात बोलावं तशी बोलले. "केझे, पोरीच्या त्या चिंधीला पाणी सुटलंय बघ. लहानपणीच्या डागाला कधी पाणी सुटतं का गं?"

केझायाचा आवाज फुटला. "जुना डाग सुका असतो, ताई. माझा बघ ना. ओला म्हणजे परवा-कालचा."

"काय चाललंय?" मॅजिस्ट्रेट म्हणाला.

"काही नाही साहेब, बहिणीशी बोलत होते."

त्याने टाक खाली ठेवला आणि चिंधी सोडायला सांगितलं. ती जखमेला चिकटली होती. तुरुंगवाल्याने ओढली तशी थेनी कळवळली. आतलं मांस लाल, ओलं. ताजं भाजलेलं आहे हे आंधळ्यानेही सांगितलं असतं. केझायाने डोळे मिटले. मी मिटले नाहीत, कारण मला स्परलॉककडे बघायचं होतं. तो जराही गडबडला नाही.

"बघितलंत साहेब?" तो म्हणाला. "जुना डाग दिसू नये म्हणून कार्टीने त्यावरच पुन्हा भाजून घेतलंय. फार हुशार आहे. त्यामुळेच तर पळाली."

मॅजिस्ट्रेटने मान डोलावली. खोटं इतकं नीट बसलं होतं, की ते उसवायला टोक सापडेना. ताज्या जखमेखाली जुना डाग नव्हता, हे आता कोण सांगणार? आम्ही दोघी सांगू शकत नव्हतो. थेनी सांगू शकत नव्हती. तुरुंगवाला सांगणार नव्हता.

आणि मग मला दारावरचा कागद आठवला.

"थेने, रडू नको बाळा," मी पोरीला म्हटलं. "तू इथे आलीस तेव्हा तुला नीट तपासलं असेल ना या साहेबांनी? म्हणून तर दारावर कागद लावलाय. मिस्टर हॅथवेंनी किती छान वाचला आम्हाला. काय बरं होतं त्यात, केझे? माझ्या डोक्यात काही राहत नाही."

"मला कुठे वाचता येतं, ताई?" केझाया म्हणाली. "ज्यांनी वाचलं त्यांना माहीत."

"या बायका बडबड करतायत, बाहेर काढू का?" तुरुंगवाला म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"थांब," मॅजिस्ट्रेट म्हणाला. "मिस्टर हॅथवे? काय होतं त्या कागदात?"

आता खोलीत सगळ्यांचे डोळे हॅथवेवर. मला त्याच्या मनातलं दिसत होतं. बोललो तर तुरुंगवाला खोटा ठरतो, स्परलॉक खोटा ठरतो, आणि या दोघांचे मित्र, भाऊबंद आपल्याच गिरणीत दळायला येतात. काय गरज आहे? पोरगी काही आपली नाही. त्याने कॉलर सैल केली. कडक इस्त्रीची, केझायाच्या हातची कॉलर. चढणीला सॉलोमन अडतो तसा तो अडला होता, आणि मागून ढकलायला मला आणखी शब्द उरले नव्हते. मी देवाला म्हटलं, आता तू बोल याच्याशी.

"त्यात लिहिलंय," हॅथवे शेवटी म्हणाला, "अंगावर खूण नाही."

मॅजिस्ट्रेटने तो कागद काढून आणवला. वाचला. "अक्षर कुणाचं?"

"माझं," तुरुंगवाला म्हणाला.

"मुलीला जमा केलंस तेव्हा दोन्ही मनगटं बघितली होतीस?"

तुरुंगवाल्याने स्परलॉककडे बघितलं. नाही म्हणाला तर त्याची नोकरी जाते, हो म्हणाला तर स्परलॉककडून जे काही ठरलं असेल ते जातं. त्याला नोकरी जास्त प्यारी निघाली. "बघितली होती, साहेब. तेव्हा काही नव्हतं."

स्परलॉक उठला, टोपी घातली. म्हणाला, आपली चूक झाली, आपली लेटी जरा उंच आहे. मॅजिस्ट्रेटने त्याला 'नमस्कार' म्हटलं. बस, एवढंच. एक पोरगी विकायला निघालेला माणूस दारातून शांतपणे बाहेर गेला आणि त्याला कुणी खुर्चीवरूनसुद्धा ढकललं नाही. तुरुंगात खाल्लेल्या मक्याच्या भाकरीचा खर्च मात्र आमच्याकडूनच घेतला. तो हॅथवेने भरला, आणि त्या बदल्यात केझायाने किती कपडे धुतले ते मी विचारलं नाही.

नाव अर्ध्या नदीत पोचली. केझायाने पोरीला मांडीवर आडवं घेतलं होतं, तान्ह्या मुलीसारखं. मग थेनी बोलली.

"तुरुंगात लोखंडी शेगडी होती, आई. तो माणूस मला बघून गेला. म्हणाला, हिच्या दाखल्यावर काहीच खूण नसणार, मग सोपं आहे. मी म्हटलं, मावशी म्हणते खूणच माणसाला घरी आणते. माझ्याकडे नाही. म्हणून मी करून घेतली."

"आणि मनगटावरच का गं?" मी विचारलं.

"आईच्या आहे ना तिथे. म्हटलं, आई आली की दोघींचे हात शेजारी धरू. मग सगळ्यांना कळेल मी कुणाची."

दाखल्यावर 'खूण नाही' लिहिलेल्या मुलीने खूण करून घेतली, तर दाखलाच तिच्याविरुद्ध जातो, हे पंधरा वर्षांच्या पोरीला कसं सुचावं? माझ्याच तोंडची म्हण होती ती. मी पाण्याकडे तोंड फिरवलं. केझायाने रागाचा एक शब्द काढला नाही. तिने त्या जखमेच्या कडेकडेने ओठ टेकवले, आणि तेव्हा ती जी रडायला लागली ती काठ येईपर्यंत थांबली नाही.

आता जुना दाखला निकामी झाला होता. त्यावरची मुलगी जगात उरली नव्हती. हॅथवे म्हणाला, तडक कचेरीत जाऊन नवी नोंद करून घ्या, मी येतो. "पण तुरुंगाचा शब्द काढू नका. एकदा तुरुंगात गेलेली म्हणून लिहिलं, तर पुढे प्रत्येक जण तेच उकरून काढेल."

आमच्या कचेरीत तोच कारकून. त्याने पुन्हा बाह्या वर केल्या, कानामागे बघितलं, आणि मनगटाशी थांबला.

"हे मागच्या वेळी नव्हतं. कशाने झालं?"

थेनीने आईकडे बघितलं. मी काहीतरी सांगणार होते, पडली म्हणून, चुलीला धडकली म्हणून. पण कारकून डोळे बारीक करून पुढे म्हणाला, "कुणी डागलेलं तर नाही ना? डागलेली मुलगी म्हणजे कुणाची तरी गुलाम असते. कशाने झालं ते लिहावं लागेल."

"माझ्या इस्त्रीने, साहेब," केझाया म्हणाली. "माझ्या हातून लागली. माझं लक्ष नव्हतं."

"स्वतःच्या पोरीला इस्त्री लावलीस?"

"हो, साहेब."

"तुम्ही लोक पोरांना सांभाळायला कधी शिकणार?" कारकून म्हणाला, आणि लिहायला लागला. मी जीभ दाताखाली धरली. रक्ताची चव आली, पण धरली. त्याने लिहिलेलं मोठ्याने वाचलं. "पार्थेना टॅन, रंगाने तपकिरी, जन्मापासून मुक्त, डाव्या मनगटावर मोठा डाग, आईच्या इस्त्रीने भाजल्याचा."

"बरोबर," केझाया म्हणाली. या वेळी मान ताठ नव्हती.

ती वही त्या कचेरीत राहणार. आम्ही मरून जाऊ, कारकून मरेल, आणि कधीतरी कुणी वाचता येणारा माणूस ती उघडेल. त्याला कळेल की पार्थेना टॅनची आई निष्काळजी होती, पोरीला भाजणारी होती. खिडकीतल्या सुईदोऱ्याबद्दल त्यात काही नाही. मला त्या वाचणाऱ्याचा आत्तापासूनच राग येतो.

गाडीत केझायाने नवा दाखला पोरीच्या पोलक्याच्या आत शिवला. डब्यात ठेवायचा प्रश्नच नव्हता. मग म्हणाली, "ओळ म्हण. कुणी विचारलं तर अडखळायचं नाही."

"पार्थेना टॅन, रंगाने तपकिरी, जन्मापासून मुक्त," थेनी म्हणाली, "डाव्या मनगटावर मोठा डाग." आणि थांबली.

"पुढे."

"पण आई, तू नाही केलंस."

"पाठ कर," केझाया म्हणाली.

गिरणी येईपर्यंत थेनीची ओळ पाठ झाली होती.